साहेबी गाडी सेकंडहँड घेताना

नोकरीसाठी इंग्लंडला गेलेली मराठी कुटुंबं, मग ती हॅरोत राहत असोत, स्लावमध्ये किंवा लेस्टरला, पहिली गाडी घ्यायला निघाली की एका जागी हमखास अडखळतात. सात-आठ वर्षं वापरलेल्या छोट्या हॅचबॅकची जी किंमत असते, तिच्याही खाली मर्सिडीजची ई-क्लास विकायला असते. चामड्याच्या सीट, ऑटोमॅटिक गिअर, वर नुकताच काढलेला एमओटीचा दाखला. मग विचारलं जातं, एवढी भारी गाडी एवढ्या स्वस्तात कशी? आणि सरकारी तपासणीत पास झालेली गाडी घ्यायला हरकत काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यासाठी हे सगळं प्रकरण लागेल. उदाहरण म्हणून एकच गाडी घेऊ: २००२ ते २००९ या काळात निघालेली, ‘डब्ल्यू २११’ या कारखान्यातल्या नावाने ओळखली जाणारी ई-क्लास. ब्रिटनच्या जुन्या बाजारात ती भरपूर दिसते आणि तिची दुखणी आता जगभरच्या मेकॅनिकांना पाठ झाली आहेत. शिवाय ती आपल्याला परकी नाही. मर्सिडीजच्या गाड्या १९९५ पासून पुण्यात जोडल्या जातात आणि २११ त्यांच्यापैकीच एक. पुण्या-मुंबईच्या गॅरेजांमध्ये आजही ती दुरुस्तीला येते.

१. किंमत कोसळते, खर्च कोसळत नाही

ब्रिटनमध्ये ‘एक्झिक्युटिव्ह कार’ म्हणजे कंपनीच्या मॅनेजरला शोभेल अशी गाडी. घरगुती गाडीपेक्षा वरची, पण मालकाला मागे बसवून शोफरने चालवायच्या आलिशान गाडीच्या खालची. बीएमडब्ल्यूची ५ सिरीज, आउडीची ए ६, जग्वारची एक्सएफ आणि मर्सिडीजची ई-क्लास या वर्गात येतात. यांतल्या कितीतरी नव्या गाड्या कंपन्याच घेतात आणि तीन-चार वर्षांनी बाजारात सोडतात. पुढे दुसरा मालक, मग तिसरा, मग चौथा. नव्याची हौस असलेल्याला जुनी नको असते आणि काटकसर करणाऱ्याला मोठं इंजिन आणि त्याचा कर परवडत नाही. त्यामुळे किंमत फार वेगाने खाली येते.

सुट्या भागांना मात्र हे ठाऊक नसतं. गावातला जुना वाडा पडत्या भावात मिळाला, तरी सागवान आणि सुतार आजच्याच दराने घ्यावे लागतात. या गाडीचंही तसंच आहे. ती दोन हजार पौंडांना मिळाली तरी तिचे ब्रेक, स्प्रिंगा, टायर आणि गिअरबॉक्स हे छत्तीस हजारांच्या गाडीचेच असतात.

आकड्यांत मांडून बघू. समजा, २००४ सालची ई ३२० सीडीआय तुम्ही २,००० पौंडांना घेतली. पहिल्या तपासणीत पुढची एक स्प्रिंग तुटलेली निघाली, खालच्या आर्मचे बुश गेलेले निघाले आणि टायर बदलावे लागले. बिल समजा ९०० पौंड झालं. ही गाडी नवी, ३६,००० पौंडांची असती, तर हा खर्च तिच्या किमतीच्या अडीच टक्के भरला असता. तुमच्यासाठी तो ४५ टक्के आहे. इथे मालकाचा हात आखडतो. दुरुस्ती ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून मागे पडते आणि गाडी विकायला निघते. बाजारात येणाऱ्या स्वस्त साहेबी गाड्यांपैकी बऱ्याच अशा पुढे ढकललेल्या दुरुस्त्या पोटात घेऊनच येतात.

२. एमओटी काय तपासते

ब्रिटनमध्ये मोटारींची ही सक्तीची तपासणी १९६० साली सुरू झाली. त्या वेळच्या वाहतूक मंत्रालयाच्या, म्हणजे मिनिस्ट्री ऑफ ट्रान्स्पोर्टच्या, आद्याक्षरांवरून तिला एमओटी म्हणतात. सुरुवातीला दहा वर्षांच्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढंच पाहत. १९६७ पासून ती तीन वर्षांच्या गाडीला लागू झाली. आज इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी ही तपासणी करावी लागते. मोटारीसाठी फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड घेता येते.

तपासणी सरकारमान्य गॅरेजमध्ये होते. दिवे, टायर, ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सीटबेल्ट, काचा, गाडीच्या सांगाड्यावरचा गंज आणि धूर या गोष्टी तिथे पाहिल्या जातात. २० मे २०१८ पासून दोषांचे तीन वर्ग केले आहेत. ‘डेंजरस’ म्हणजे गाडी त्या अवस्थेत रस्त्यावर आणायचीच नाही. ‘मेजर’ म्हणजे नापास. ‘मायनर’ म्हणजे पास, पण लवकर दुरुस्त करा. याखेरीज ‘अॅडव्हायझरी’ नावाची सूचना असते. हे आत्ता चालेल, पण याच्यावर लक्ष ठेवा, एवढाच तिचा अर्थ. जुनी गाडी घेणाऱ्याला सगळ्यात जास्त माहिती या सूचनांतून मिळते, हे पुढे दिसेलच.

आता या तपासणीच्या दोन मर्यादा. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अवस्था एमओटीत तपासली जात नाही. आणि तपासनीस काहीही खोलून बघत नाही. जे डोळ्यांना दिसतं, हाताने हलवून कळतं आणि यंत्रावर मोजता येतं, तेवढंच. २११च्या पोटाखाली प्लास्टिकची मोठी कव्हरं असतात. म्हणून तिच्या कागदावर ‘खालच्या कव्हरामुळे काही भाग दिसले नाहीत’ अशी नोंद सर्रास आढळते. विकणारा तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातो. तुम्ही जाऊ नका. कव्हराआड काय आहे ते त्या दिवशी कुणी पाहिलेलं नाही, असं ती नोंद सांगते.

३. नापास कशात होते

ब्रिटनमध्ये कोणतीही गाडी नापास होते ती बहुतेक वेळा दिवे, सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर या चार गोष्टींपायी. २११ही याला अपवाद नाही, मात्र या प्रत्येकात तिची स्वतःची अशी एक तऱ्हा आहे.

दिव्यांपासून सुरू करू. नंबरप्लेटवरचा दिवा गेला, ब्रेकलाइट लागला नाही, हे किरकोळ झालं. मागच्या दिव्यांच्या आतला विजेचा जोड तापून वितळतो आणि बल्ब बदलूनही दिवा लागत नाही, ही पुढची पायरी. पण खरा खर्च झेनॉन दिव्यांचा. हे दिवे इतके प्रखर असतात की समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून ते गाडीच्या झुकावानुसार आपोआप वरखाली व्हावे लागतात. ही यंत्रणा आणि दिव्यांवर पाणी मारणारे फवारे चालू नसले तर गाडी नापास होते. गाडीचा झुकाव मोजणारा सेन्सर चाकाजवळ एका छोट्या दांडीने जोडलेला असतो. मिठाने ती दांडी गंजते, अडकते आणि दिवे भलतीकडेच बघू लागतात.

मिठाचा उल्लेख आलाच आहे, तर तिथे जरा थांबायला हवं. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. ते चाकांबरोबर उडून गाडीच्या पोटाखाली बसतं. स्प्रिंगवरचा रंग एखाद्या खड्याने उडाला की तिथून गंज आत शिरतो. मग एखाद्या सकाळी गाडी स्पीडब्रेकरवरून उतरते आणि स्प्रिंगचा शेवटचा वेटोळा तुटतो. बऱ्याचदा चालवणाऱ्याला काही कळतसुद्धा नाही, कारण तुटलेला तुकडा बैठकीतच अडकून बसतो आणि गाडी चालत राहते. लिफ्टवर चढवून बॅटरीचा झोत टाकला की मगच तो दिसतो. तुटलेली स्प्रिंग हा मेजर दोष आहे. एका बाजूची तुटली तर दोन्ही बाजूंच्या बदलाव्यात. एक नवी आणि एक दमलेली असली की गाडी एका अंगाला कलते.

२११च्या प्रत्येक पुढच्या चाकाला धरणारे एकाहून जास्त आर्म आहेत, ॲल्युमिनियमचे. प्रत्येकाच्या एका टोकाला रबरी बुश, दुसऱ्या टोकाला बॉल जॉइंट. या रचनेमुळेच ती गाडी हायवेवर इतकी स्थिर आणि मऊ चालते. पण जितके जोड तितकी झिजायची ठिकाणं. बुशचं रबर आधी तडकतं, मग फाटतं. चाक ब्रेकच्या वेळी किंचित मागेपुढे सरकू लागतं. स्टिअरिंगला बारीक थरथर येते, खड्ड्यात ‘टक’ असा आवाज होतो. सरकलेलं चाक टायरची आतली कड खाऊ लागतं आणि इथेच सस्पेन्शनचा दोष टायरच्या दोषात उतरतो. रुंद टायर बाहेरून नव्यासारखा दिसतो. आतल्या कडेची नक्षी मात्र पार गोटा झालेली असते, कधी कधी तारही दिसू लागते. कायद्याने टायरच्या मधल्या तीन चतुर्थांश रुंदीत, पूर्ण घेरावर, नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. म्हणून गाडी बघताना स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरची आतली बाजू हाताने चाचपायची. या एका सवयीने बरेच पैसे वाचतात.

काही २११ गाड्यांना लोखंडी स्प्रिंगांऐवजी हवेची सस्पेन्शन असते. ई ५०० ला चारी चाकांना, आणि मागे मोठी डिकी असलेल्या इस्टेट गाड्यांना किमान मागच्या चाकांना. यात रबरी फुग्यांत कॉम्प्रेसर हवा भरतो. रबर जुनं झालं की घड्यांवर बारीक चिरा पडतात आणि हवा हळूहळू जाते. तोटा भरून काढायला कॉम्प्रेसर सतत चालू लागतो आणि एक दिवस तोही जळतो. म्हणजे एका फुग्याचं दुखणं वेळीच न पाहिल्यामुळे दोन भाग बदलावे लागतात. अशी गाडी बघायची असेल तर सकाळी जा. रात्रभर उभी असलेली गाडी एका कोपऱ्यात बसली असेल, तर विकणारा काहीही म्हणो, हवा गळते आहे.

पार्किंग ब्रेकचं कारण थोडं अनपेक्षित आहे. या गाडीत तो हाताने ओढायचा नसतो, डाव्या पायाने दाबायचा असतो. ऑटोमॅटिक गिअर ‘पी’वर टाकला की गाडी जागेवर राहते, म्हणून अनेक मालक तो वर्षानुवर्षं वापरतच नाहीत. मागच्या डिस्कच्या आत त्याचे छोटे ब्रेकशू असतात. ते वापराविना गंजतात, केबल जाम होते. तपासणीच्या रोलरवर त्याची ताकद गाडीच्या वजनाच्या किमान १६ टक्के यावी लागते. पायाच्या मुख्य ब्रेकची, या काळातल्या गाड्यांसाठी, किमान ५० टक्के. मुख्य ब्रेकमध्ये सहज पास झालेली गाडी या सोळा टक्क्यांत अडकते.

शेवटी डॅशबोर्डवरचे दिवे. एबीएस किंवा एअरबॅगचा दिवा पेटलेला राहिला तर गाडी नापास. एअरबॅगचा दिवा २११मध्ये बरेचदा एका साध्या कारणाने लागतो. शेजारच्या सीटवर कुणी बसलं आहे का हे ओळखणारा सेन्सर सीटच्या कुशनखाली असतो आणि तो खराब होतो. इंजिनाच्या पिवळ्या दिव्याबाबत नियम वेगळा आहे. तो लागलेला असताना नापास करतात ते १ जुलै २००३ नंतरच्या पेट्रोल आणि १ जुलै २००८ नंतरच्या डिझेल गाड्यांना. म्हणजे २००६ सालची डिझेल २११ इंजिनाचा दिवा पेटलेला असतानाही एमओटी पास होऊ शकते. ‘पास आहे ना?’ एवढंच विचारणाऱ्याने ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

४. विजेवर चालणारा ब्रेक

२००२ ते २००६ या काळातल्या २११मध्ये एक असा भाग आहे, ज्याच्यावर ती गाडी घ्यायची की नाही हे ठरू शकतं. मर्सिडीजने त्याला सेन्सोट्रॉनिक ब्रेक कंट्रोल, थोडक्यात एसबीसी, असं नाव दिलं होतं.

साध्या गाडीत आपण पेडल दाबतो, तो दाब तेलाच्या नळ्यांतून चाकापर्यंत जातो. एसबीसीमध्ये पेडल दाबलं की आधी सेन्सर ते किती जोरात, किती वेगाने दाबलं हे मोजतो. मग संगणक ठरवतो, कोणत्या चाकाला किती दाब द्यायचा. तो दाब विजेच्या पंपाने आधीच तयार करून साठवलेला असतो. पावसात डिस्क ओल्या झाल्या तर ही यंत्रणा पॅड हलकेच टेकवून त्या कोरड्या करायची. कल्पना सुंदर होती. वीज किंवा पंप गेला तर मागे नळीची जुनी वाट ठेवलेली होती, पण ती फक्त पुढच्या चाकांपुरती. त्या वेळी पाय फार जोराने दाबावा लागतो आणि गाडी थांबायला अंतर जास्त लागतं.

अडचण विश्वासार्हतेची झाली. २००४ मध्ये मर्सिडीजने जगभरातल्या सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या या ब्रेकच्या तपासणीसाठी परत बोलावल्या. २००५ मध्ये १३ लाख गाड्यांना बोलावलं, त्यात विजेच्या इतर यंत्रणांच्या दुरुस्तीबरोबर पुन्हा हा ब्रेकही होता. २००६ मध्ये ई-क्लासचा चेहरामोहरा बदलला, तेव्हा एसबीसी काढून टाकून नेहमीचा हायड्रॉलिक ब्रेक परत आणला.

एसबीसीचा पंप किती वेळा ब्रेक दाबला याची मोजणी ठेवतो. ठरावीक आकडा ओलांडला की तो व्यवस्थित चालत असला तरी वर्कशॉपमध्ये जा असा इशारा देतो. बदलायचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या तुलनेत मोठा आहे. म्हणून २००६ आधीची गाडी घेताना एकच प्रश्न विचारायचा: एसबीसीचं युनिट बदललं आहे का, आणि त्याचं बिल आहे का? तोंडी ‘हो’ला अर्थ नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना, विशेषतः घरी स्वतः पॅड बदलणाऱ्यांसाठी. ही यंत्रणा रिमोटने दार उघडताच जागी होते आणि दाब तयार करते. ती आधी बंद न करता पॅड काढायला गेलात तर ब्रेक बोटांवर आवळला जाऊ शकतो. हे काम माहीतगार गॅरेजलाच द्यावं.

५. कागदावर न येणारी दुखणी

आता इंजिनाकडे वळू. तपासणीत हे पाहिलं जात नाही, आणि गाडी भंगारात जाते ती बहुधा इथूनच.

सहा सिलिंडरच्या व्ही आकाराच्या इंजिनाला रचनेमुळेच एक थरथर असते. ती मारण्यासाठी आत एक ‘बॅलन्स शाफ्ट’ उलटा फिरत असतो. २००४ नंतर आलेल्या ई ३५० सारख्या पेट्रोल गाड्यांतल्या ‘एम २७२’ इंजिनात, सुरुवातीच्या काही वर्षांच्या उत्पादनात, या शाफ्टच्या दातेरी चाकाचा धातू मऊ निघाला. दात झिजतात, साखळीची वेळ चुकते, इंजिनाचा दिवा लागतो. चाक लहानसं, पण तिथे पोचायला अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. दुरुस्तीचं बिल गाडीच्या किमतीच्या वर जातं. आपल्या गाडीत सुधारलेलं चाक आहे की नाही हे इंजिनाच्या नंबरवरून कळतं, तेव्हा घेण्याआधी तो नंबर विचारून माहीतगाराकडून तपासून घ्या.

२००५ पासूनच्या सहा सिलिंडर डिझेलची, म्हणजे ‘ओएम ६४२’ इंजिनाची, गोष्टही याच वळणाची आहे. त्याचा ऑइल कूलर सिलिंडरांच्या दोन्ही रांगांमधल्या खोबणीत, टर्बोच्या खाली बसवला आहे. त्याची रबरी सील उष्णतेने कडक होतात आणि तेल झिरपू लागतं. सील स्वस्त. टर्बो आणि वरचं सगळं उतरवायची मजुरी महाग. एमओटीच्या कागदावर ‘तेल गळतंय’ एवढी त्रोटक सूचना दिसली आणि गाडी या इंजिनाची असली, तर तिचा अर्थ हा असू शकतो. त्याआधीचं, एका रांगेतल्या सहा सिलिंडरांचं डिझेल इंजिन मात्र नावाजलेलं आहे. ई २०० आणि ई २२० सीडीआयमधलं चार सिलिंडरचं ‘ओएम ६४६’ त्याहून साधं. जर्मनीत टॅक्सीवाले ई-क्लास डिझेल का चालवत, हे याच इंजिनांकडे पाहून कळतं.

डिझेलच्या इंजेक्टरखाली तांब्याचं एक वॉशर असतं. ते गळू लागलं की जळलेला वायू बाहेर येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर चढतो. इंग्रज मेकॅनिक याला ‘ब्लॅक डेथ’ म्हणतात. लवकर लक्षात आलं तर वॉशरवर भागतं. उशीर झाला तर इंजेक्टर जागचे निघता निघत नाहीत. इंजिनावरचं कव्हर उचलून पाहायला दोन मिनिटं लागतात, आणि इंजिन थंड असताना चालू केलं तर ‘फुस-फुस’ असा आवाजही ऐकू येतो.

गिअरबॉक्सबद्दल सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तेल. मर्सिडीजने आधी पाच गिअरच्या ऑटोमॅटिकला ‘आयुष्यभराचं तेल’ भरलं असं सांगितलं आणि पुढे ते ठरावीक अंतराने बदलण्याची शिफारस केली. मधल्या काळात अनेक गाड्यांचं तेल कधीच बदललं गेलं नाही. सुरुवातीच्या काही २११मध्ये रेडिएटरच्या आत गळती होऊन थंडावा देणारं पाणी गिअरच्या तेलात मिसळायचं. मग हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी खडबडीत रस्त्यावर असल्यासारखी थरथरते. गाडी चालवून पाहताना सपाट रस्त्यावर अशी थरथर आली, तर तिथूनच परत फिरा.

६. कागद वाचायचा कसा

कोणत्याही ब्रिटिश गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला की २००५ पासूनच्या सगळ्या एमओटींचे निकाल फुकट दिसतात. पास-नापास, सूचना आणि प्रत्येक वेळचं मीटरवरचं अंतर. जुनी गाडी घेणाऱ्याच्या हाती इतकी उपयोगी सोय फार थोड्या देशांत आहे.

एक काल्पनिक नमुना वाचून पाहू. पहिल्या वर्षी मीटरवर ७८,२०० मैल. पास. सूचना: पुढच्या डाव्या आर्मचा बुश थोडा झिजला आहे. दुसऱ्या वर्षी ८९,१०० मैल. पास. तीच सूचना, आणि सोबत पुढचा डावा टायर आतल्या कडेला झिजतो आहे. तिसऱ्या वर्षी ९१,४०० मैल. बुश आणि टायर दोन्हींमुळे नापास, त्याच दिवशी पुन्हा तपासून पास. चौथ्या वर्षी ९१,९०० मैल. पास. सूचना: ब्रेकच्या पाइपवर गंज, खालच्या कव्हरामुळे काही भाग दिसले नाहीत.

विकणारा म्हणेल, चौथ्या वर्षी पास आहे. आपण काय वाचायचं? बुशची सूचना मिळूनही मालकाने वर्षभर काही केलं नाही. त्याच बुशने टायर खाल्ला. कायद्याने भाग पाडलं तेव्हाच दुरुस्ती झाली, आणि तीही तेवढीच. पहिल्या दोन तपासण्यांच्या मध्ये जवळपास अकरा हजार मैल चाललेली गाडी पुढच्या वर्षी २,३०० आणि त्यापुढे ५०० मैलच चालली. म्हणजे ती बहुतेक काळ उभी होती. उभ्या गाडीच्या ब्रेकला गंज चढतो, बॅटरी मरते, रबर सुकतं. एसबीसी असलेल्या गाडीत अशक्त बॅटरी म्हणजे ब्रेकचीही कटकट. जो मालक नजरेसमोरचा बुश बदलत नाही, त्याने नजरेआडचं गिअरचं तेल बदललं असेल अशी आशा धरू नये. कागदावर मोजके शब्द असतात, पण मालकाच्या हाताचं वळण त्यात उमटलेलं असतं, आणि मी तरी गाडीच्या वयापेक्षा त्याला जास्त किंमत देईन.

मीटरचा आकडा दर वर्षी वाढतच गेला पाहिजे. तो मध्येच कमी झाला असेल तर मीटर मागे फिरवलेलं असू शकतं. गेल्याच आठवड्यात काढलेली एमओटी, एकही सूचना नसलेली, आणि त्याआधीच्या वर्षी पाच सूचना, असं दिसलं तर त्या पाचही दुरुस्त्यांची बिलं मागा.

भारतात हा आधार नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि फिटनेसची तपासणी त्यानंतर नूतनीकरणाच्या वेळी होते. मधल्या काळात मिळते ती फक्त प्रदूषणाची पीयूसी. म्हणून पुण्यात किंवा मुंबईत २११ घेणाऱ्याला सर्व्हिसची बिलं हाच एकमेव इतिहास, आणि घेण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून, खालची कव्हरं काढून बघणं ही अट धरावी.

७. लंडनमध्ये राहणाऱ्यांसाठी

गाडी पास असली आणि चांगली असली तरी लंडनमध्ये एक वेगळा हिशोब आहे. २९ ऑगस्ट २०२३ पासून धुराच्या कडक नियमांचा ‘युलेझ’ पट्टा लंडनच्या सगळ्या बरोंना लागू झाला. हॅरो त्यात येतं, स्लाव येत नाही. डिझेल गाडी युरो ६ मानकाची नसेल तर गाडी काढली त्या प्रत्येक दिवसाचे १२.५० पौंड. डिझेल २११ त्या मानकाच्या बरीच आधीची आहे. आठवड्याला पाच दिवस, वर्षाला पन्नास आठवडे धरले तर ३,१२५ पौंड होतात. पेट्रोल गाडीला युरो ४ पुरतं, म्हणजे २००६ नंतरची पेट्रोल २११ साधारणपणे सुटते. नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी.

८. मग घ्यावी की नाही

लंडनबाहेर राहत असाल आणि ही गाडी मनात भरली असेल, तर २००६ च्या बदलानंतरची ई २२० सीडीआय घ्या. साधा हायड्रॉलिक ब्रेक, लोखंडी स्प्रिंगा, चार सिलिंडर. गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचं बिल हवं आणि एमओटीच्या कागदावर प्रत्येक सूचना पुढच्या वर्षी नाहीशी झालेली हवी. अशा गाडीसाठी पाचशे पौंड जास्त द्यावे लागले तर द्या. ई ३५० पेट्रोल इंजिनाचा नंबर तपासल्याशिवाय घेऊ नका. २००६ आधीची गाडी एसबीसीच्या बिलाशिवाय घेऊ नका, आणि हवेच्या सस्पेन्शनची तर सकाळी जाऊन पाहिल्याशिवाय नकोच. गाडीच्या किमतीइतकेच पैसे पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढता येत नसतील, तर त्याच पैशांत छोटी, साधी हॅचबॅक घ्या.